सात काळ्या तारा आणि एक अबोला

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (रागात दिलेले आशीर्वादही लागू पडतात असं आई म्हणायची, तेव्हा निर्धास्तपणे घे.) तुझी पाठ कशी आहे, आमच्या भावजयीचा गुडघा काय म्हणतो, आणि तुमच्या घरी मोठ्या बहिणीच्या पत्राला उत्तर द्यायची पद्धत अजून चालू आहे की बंद पडली, ते कळव. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. मी संतापामुळे आणि तुझे भावोजी निर्ढावलेपणामुळे.

पत्रास कारण तुझी मोटारसायकल. बदली झाली तेव्हा "ताई, चार महिने तुझ्या शेडमध्ये राहू दे, ती काय खायला मागते का," असं म्हणून तू ती माझ्या गळ्यात बांधलीस, त्याला आता दोन वर्षं होतील. महिन्यापूर्वी तुझं कार्ड आलं की गाडी विकायची ठरवली आहे, तुझ्या ऑफिसातले साहेब आजच्या रविवारी चार वाजता बघायला येतील, तेवढी चालू करून ठेव. तेवढी, म्हणे. जशी काही पाण्याची मोटर. पण मी उलट टपाली कळवून बसले की जशी ठेवलीस तशीच मिळेल. आमच्या शाळेत सिस्टरांनी दहा वर्षांत एक गोष्ट आमच्या हाडात मुरवली, की दुसऱ्याची वस्तू परत करताना ती नेली तेव्हापेक्षा वाईट असता कामा नये. त्याच एका नियमावर पुढे मी एकतीस वर्षं कॉलेजचं ग्रंथालय चालवलं आणि पानाचा कोपरा दुमडणाऱ्या भल्याभल्या प्राध्यापकांना रडकुंडीला आणलं. तेव्हा तुझी गाडी आज चार वाजता धड उभी असणं हा माझ्या अब्रूचा प्रश्न होता, आणि तो कसकसा सुटला ते तुला सविस्तर वाचावंच लागेल. सुटका नाही.

कार्ड आलं त्याच दिवशी मी शेडमध्ये गेले, गाडीवरची चादर काढली, किल्ली फिरवली. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही. सीट उचलून पाहिलं तर आत उंदराने संसार थाटलेला. कापूस, सुतळी, माझ्या जुन्या स्वेटरची लोकर (जो तुझ्या भावोजींनी "हरवला" होता), आणि मधोमध, जिथून तारांचा जुडगा मागच्या चाकाकडे जातो, तिथे तो जुडगा सपाट तोडलेला. अर्धी टोकं पुढून लोंबताहेत, अर्धी मागून. आता उंदीर माझ्या शेडमध्ये का यावा? मी तिथे धान्य ठेवत नाही, कचरा ठेवत नाही. उत्तर शेजारच्याच हत्यारांच्या कप्प्यात मिळालं. क्रीमच्या बिस्किटांचे सहा पुडे, चार रिकामे, दोन अर्धे. डॉक्टरांनी ज्या माणसाची साखर बंद केली आहे तो माणूस रोज संध्याकाळी "जरा गाडीवरची धूळ झटकून येतो" म्हणून शेडमध्ये का जायचा, हे मला वर्षभराने समजलं. मी पुडे समोर धरले तर म्हणाले, उंदराने आणले असतील. मी म्हटलं, उंदीर पुडा कात्रीने सरळ कापतो का? त्यावर त्यांना एकदम वर्तमानपत्र वाचायचं आठवलं.

त्या क्षणापासून मी अबोला धरला. (पूर्वीचे अबोले तू पाहिले आहेस. हा त्यांच्याहून वरच्या दर्जाचा होता.) मी बोलेन ते भिंतीशी, आणि ते बोलतील ते पंख्याशी. पंख्याकडे बघूनच त्यांनी जाहीर केलं की पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हजारो तारा जोडलेल्या माणसाला सात तारांसाठी मेकॅनिक बोलावणं शोभत नाही. मी भिंतीला सांगितलं की ज्याने निस्तरायचं त्यानेच निस्तरावं, पण माझ्या देखरेखीखाली.

इथे तुझा भाग येतो. सरळ माणसांच्या गाड्यांत लाल, हिरव्या, पिवळ्या तारा असतात. टोकाला टोक रंग बघून जोडता येतं. तुझ्या गाडीत सातही काळ्या. कारण मागे एकदा वायरिंग जळाल्यावर तू कुठल्यातरी टपरीवर एकाच रिळातून सगळ्या तारा घालून घेतल्यास, आणि वर मला "ताई, स्वस्तात काम झालं" असं सांगितलंस. मी तेव्हाही म्हटलं होतं की स्वस्त हा शब्द तुझ्या तोंडून आला की मला धडकी भरते.

तर सात काळी टोकं पुढे, सात मागे. आठवडाभर नुसतं बघितल्यावर माझ्यातली ग्रंथपाल जागी झाली. प्रत्येक टोकाला कागदाची चिठ्ठी लावायची, एक ते सात आकडे घालायचे, मग एकला एक, दोनला दोन. याहून सोपं काय असणार? पण अबोला चालू असल्यामुळे आम्ही एका बाजूला बसणं शक्य नव्हतं. मी गाडीच्या अलीकडे स्टुलावर बसले आणि पुढच्या टोकांना माझ्या डावीकडून आकडे घातले. ते पलीकडे पाटावर बसले आणि मागच्या टोकांना त्यांच्या डावीकडून घातले. चिठ्ठ्या काय सुरेख झाल्या होत्या! (अक्षरावरून मला अजूनही कुणी नाव ठेवू शकत नाही.) मग त्यांनी एकला एक जोडला, दोनला दोन जोडला, वर चिकटपट्टी गुंडाळली, चार्ज करून आणलेली बॅटरी बसवली आणि पंख्याला म्हणाले, झालं. शेडमध्ये पंखा नाही, तरी म्हणाले.

किल्ली फिरवली. मागचा छोटा लाल दिवा लागला. आम्ही दोघंही चुकून हसलो आणि लगेच तोंडं फिरवली. मग डावीकडे वळायचा दिवा लावला, तर उजवा लुकलुकायला लागला. उजवा लावला, तर डावा. ब्रेक दाबला, तर फट्ट, आणि सगळं गुडुप. फ्यूज उडाला. शहाण्या माणसाने इथे हात आवरला असता. पण तुझ्या भावोजींनी उडालेल्या फ्यूजला चॉकलेटच्या वेष्टनातली चांदी गुंडाळली (चॉकलेट कुठून आलं हे मी भिंतीलाही विचारलं नाही, कारण उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती) आणि तो पुन्हा बसवला. फ्यूज हा दारावरचा पहारेकरी असतो. त्याला झोपेची गोळी दिली तर चोर थेट माजघरात. सीटखालून निळसर धूर निघाला, रबर जळल्याचा वास सुटला, आणि मी बॅटरीची तार उपटली म्हणून तुझी गाडी, माझी शेड आणि तुझे भावोजी, तिन्ही वाचले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीच्या टोकाला असलेल्या वायरिंगवालीला बोलावलं. वायरिंगवाली म्हणजे चाळिशीची, केसांना रुमाल बांधलेली, खिशात सदैव टेस्टर असलेली बाई. तिच्या दुकानाबाहेर सकाळपासून गाड्यांची रांग असते. तिने सीट उचलली, चिकटपट्टी सोडवली, माझ्या चिठ्ठ्या वाचल्या, एकदा अलीकडून पाहिलं, एकदा पलीकडे जाऊन पाहिलं, आणि चक्क जमिनीवर बसून हसायला लागली.

"काकू, हे कुणी केलं?"

"दोघांनी मिळून," मी म्हटलं.

"मिळून नाही केलेलं. तेच तर दिसतंय."

तिने समजावलं. आम्ही समोरासमोर बसलो होतो. माझी डावीकडची पहिली ती त्यांच्या डावीकडून सातवी. चौथी तेवढी बरोबर जुळली, कारण मधली तार कुठूनही मोजली तरी मधलीच. सगळ्या गाडीत आमचं एकमत फक्त मागच्या छोट्या दिव्यावर होतं. "एकदा विचारायचं तरी ना काकांना, तुमची पहिली कुठली म्हणून," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, बाई, तू लग्न केलं आहेस का? ती म्हणाली, दोनदा. मग मी चिठ्ठ्या सोडवायला घेतल्या.

पुढचे तीन दिवस तिने आम्हाला कामाला लावलं, कारण तिच्याकडे हात कमी होते आणि आमच्याकडे वेळ फार होता. जळलेली सगळी तार काढून टाकली. मग नव्या तारा ओढल्यावर त्या सलग आहेत ना ते बघायला तिने मीटर आणलं. त्याची एक सुई पुढच्या टोकाला आणि दुसरी मागच्या टोकाला लावली आणि तार सलग असली की ते बीप वाजतं. मीटर पेट्रोलच्या टाकीच्या पुढे, माझ्या हातात. तिकडे मागे तुझे भावोजी. "बीप झाला की मोठ्याने सांगायचं," असं बजावून ती चहा प्यायला गेली. पहिला बीप वाजला. मी भिंत शोधली. भिंत फार लांब होती. शेवटी अबोल्याच्या अकराव्या दिवशी मला म्हणावं लागलं, "वाजलं."

"वाजलं तर जोरात सांगायचं," पलीकडून आवाज आला. "इथे मी दहा मिनिटं वाकून उभा आहे."

"बिस्किटं काढायला वाकता तेव्हा नाही दुखत कंबर."

असा आमचा अबोला सुटला. नंतर सात तारांना सात बीप झाले आणि प्रत्येक बीपगणिक आम्ही वर्षभराचं साचलेलं बोलून घेतलं. वायरिंगवाली परत आली तर म्हणाली, तार तपासायला बसवलं होतं, तुम्ही तर एक्स्चेंजच सुरू केलंत.

या वेळी सात तारा सात रंगांच्या आहेत, नीट ऐकून ठेव. नुसत्या पिळून वर पट्टी मारलेली नाही. प्रत्येक जोड कथील वितळवून डाखलेला आहे, त्यावर नळी चढवून ती गरम हवेने आवळलेली आहे. (डाखायचं काम चार जोडांनंतर मी केलं. शाळेत भरतकामाला मला पहिलं बक्षीस होतं. ज्या हाताने साखळी टाका घातला त्याला कथिलाचा थेंब काय जड?) हँडल वळवताना तार ताणू नये म्हणून तिथे तिला थोडी ढील ठेवली आहे, इंजिनाच्या गरम अंगापासून दूर बांधली आहे, आणि पत्र्याच्या कडेवर घासते तिथे रबर बसवलं आहे. फ्यूज जेवढ्याचा हवा तेवढ्याचाच आहे, आणि सुटा एक कप्प्यात आहे. त्या कप्प्याला आता कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे.

उंदरावर उपाय विचारला तर शेजारचे वकील म्हणाले डांबराच्या गोळ्या ठेवा, त्यांच्या पत्नी म्हणाल्या तिखट फवारा, आणि तुझे भावोजी म्हणाले मांजर पाळू. वायरिंगवालीने शेडची दोन भोकं जाळी मारून बुजवायला लावली, खाऊ बंद केला, आणि मुख्य औषध सांगितलं, की गाडी रोज फिरवा. उंदराला हलतं घर चालत नाही. उभी गाडी ही त्याला मोकळी खोलीच वाटते.

रोज फिरवायची म्हणजे कुणी? तुझ्या भावोजींना साखरेमुळे डोळ्यांनी जरा अंधुक दिसतं. मी वीस वर्षं गिअरची स्कूटर चालवून ग्रंथालयात गेलेली बाई, लायसन्स चालू. तेव्हा निव्वळ कर्तव्य म्हणून (हा शब्द पुन्हा वाच) गेले दोन आठवडे मी सकाळी सातला तुझी गाडी बाहेर काढते. पहिल्या दिवशी ती तीनदा बंद पडली आणि दूधवाला थांबून बघत राहिला. चौथ्या दिवशी मी पाण्याच्या टाकीला वळसा घालून आले. आठव्या दिवशी तुझे भावोजी मागे बसले. चढ संपतो तिथून रस्ता सरळ खाली तलावापर्यंत जातो, आणि तिथे तिसऱ्या गिअरमध्ये पदराचं निशाण होतं. मी आता सलवार घालते. तलावाशी आम्ही उतरतो, बिनसाखरेचा चहा पितो, परत येतो. त्यांची साखर वीसने उतरली आहे आणि डॉक्टरांना वाटतं की हा त्यांच्या गोळ्यांचा गुण.

असो. तर तुझी गाडी तयार आहे. पुसली आहे, तेलपाणी बघितलं आहे, हवा भरली आहे. शब्द पाळला. चार वाजता साहेब येतील, घेऊन जातील, आणि माझी शेड मोकळी होईल. मला काय, बरंच आहे.

सर्वांस यथायोग्य. गुडघ्याला शेक द्यायला सांग.

तुझी,
ताई

ता. क. साहेबांचा स्वभाव कसा आहे? ते गाडी रोज फिरवतील की झाकून ठेवतील? सहज विचारलं.

ता. क. दुसरा. सव्वापाच वाजले. साहेब येऊन गेले. माणूस सज्जन. मी ठरवलं होतं की काहीएक लपवायचं नाही, म्हणजे तेच नाद सोडतील. म्हणून उंदीर, बिस्किटं, चिठ्ठ्या, चांदी, धूर, सगळं पाऊण तास सांगितलं, तुझ्या टपरीसकट. ते उभ्याने ऐकत राहिले. शेवटी रुमालाने डोळे पुसून म्हणाले, "बाई, जुनी गाडी विकताना इतकं खरं बोलणारं माणूस मी जन्मात पाहिलं नाही. घेतली." तुझे भावोजी खुर्चीतून उठलेच. मग माझ्या तोंडून निघून गेलं की माफ करा, ही गाडी माझ्या भावाने कालच घरातल्याच एका माणसाला देऊन टाकली आहे. साहेब हळहळत गेले.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. सोबत गाडी नावावर करायचा फॉर्म आहे. माझं नाव घातलं आहे. तुझ्या सहीच्या जागी पेन्सिलीने तीन फुल्या केल्या आहेत. वकिलांचा ड्रायव्हर आत्ता तुमच्या गावालाच निघाला आहे, त्याच्याच हाती हे देते आहे. साहेब तुला उद्या दहा वाजता ऑफिसात भेटतील आणि पहिलं हेच विचारतील, तेव्हा सही आज जेवायच्या आधी कर. मी खोटं बोललेली नाही, थोडं आधी बोलले आहे. ते खरं करणं आता तुझ्या हातात.