जोरिसच्या खिडकीचे रंग

३ नोव्हेंबर

दुकानातून कॉम्प्युटर परत आला — आणि रंग गेले! पडद्यावर मोजके सोळा रंग, कडा करवतीसारख्या. दुकानदार म्हणाला, "सगळं पुसून नव्यानं बसवलं. या जुन्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर आता मिळत नाही. नवा कॉम्प्युटर घ्या." पण माझ्या नवऱ्याचा, जोरिसचा, खिडक्यांच्या आराखड्यांचा प्रोग्रॅम नव्यावर उघडतच नाही.

मेंदूच्या झटक्यानंतर परवाच तो पहिल्यांदा म्हणाला होता, "चॅपलची खिडकी पुरी करू या." माझ्या शाळेच्या चॅपलची, म्हणजे आवारातल्या छोट्या चर्चची. रंगीत काचेच्या खिडक्या करणं हे त्याचं आयुष्यभराचं काम. ही एकच अर्धी राहिली. आता पुन्हा खुर्चीत गप्प.

५ नोव्हेंबर

जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या मंचावर लिहिलं. ओस्टेंड शहरातल्या फिर्मिन नावाच्या गृहस्थांचा लगेच फोन. "ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या, बाई! तो नसला की कार्ड आणि कॉम्प्युटर नुसत्या हातवाऱ्यांवर दिवस काढतात." कार्डाच्या खोक्यावरचं नाव वाचून दाखवलं. त्यांनी पाठवलेला ड्रायव्हर बसवला — पडदा काळाठिक्कर!

६ नोव्हेंबर

फिर्मिननी तो काढून टाकायला लावला. "खोक्यावर काय, कुणीही नाव छापतं! कार्डावरच्या मोठ्या चिपवर काय लिहिलंय?"

झाकण उघडलं. केवढी धूळ! जोरिसनं डाव्या हातानं विजेरी धरली, मी भिंग.

"हलवू नकोस रे."

"तू... मानेवर फुंकू नकोस."

किती दिवसांनी हसलो दोघं.

९ नोव्हेंबर

चिपवरचं नाव कळवलं होतं. त्या ड्रायव्हरच्या सीडीचा डबा फिर्मिनना सापडला, पण आत सीडी नाही. "बायकोनं त्यात बटणं भरलीत! सीडी कुठे, ते तिलाच आठवत नाही."

१२ नोव्हेंबर

सीडी मिळाली, शिलाई मशीनखाली. फिर्मिननी त्यातला ड्रायव्हर पाठवला. बसवला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, डोळे मिटून घेतले.

उघडले तर — निळा! खिडकीतल्या मदर मेरीचा झगा, त्याच्या घड्या, घडीघडीत वेगळा निळा. खाली डाळिंबी, मधासारखा पिवळा. मी रडलेच. जोरिस बराच वेळ बघत राहिला. "छान," म्हणाला, आणि उठून स्वयंपाकघरात गेला.

माझं काय चुकलं?

१३ नोव्हेंबर

आज सांगितलं त्यानं: झटक्यापासून त्याला रंग दिसतच नाहीत. सगळं करडं. "तुझी एवढी धडपड... सांगवेना," म्हणाला. मग माझी खुर्ची स्वतःच्या शेजारी ओढली, पडद्यावरच्या खिडकीतल्या काचेच्या एका तुकड्यावर बोट ठेवलं.

"निळा," मी म्हणाले.

"कुठला निळा, लीन?"

"माझ्या शाळेच्या कोटाचा. उन्हात विटल्यावरचा."

"हां. तो."

बोट पुढच्या तुकड्यावर गेलं.