गार होईपर्यंत

१४ सप्टेंबर

तीर्थरूप दादांस,

कनिष्ठ बंधूचा साष्टांग नमस्कार. उजवा हात बँडेजमध्ये असल्याने तूर्त सप्तांगच समजावा. वहिनींचे, आपले आणि आपल्या रक्तदाबाचे क्षेम चिंतितो. अक्षर आपल्या कन्येचे आहे. काकाचे ड्रेसिंग बदलायला आली, तिला लेखनिकपदी नियुक्त केले.

तिचे रसायनशास्त्र बंद करण्याचा आपला निर्णय कळला. ‘धांदरट पोरीच्या हाती काच नको’ हे सुभाषित आपण वहिनींसह अखिल आप्तमंडळींना ऐकवल्याचेही कळले. निर्णय थोर आहे. आधार तेवढा कच्चा.

प्रथम वर्षाला मी पहिल्याच तासाला सांगतो: ऊर्ध्वपातन करताना द्रव गार असतानाच चिनीमातीचे खडबडीत तुकडे चंबूत टाकावेत, म्हणजे तो शहाण्यासारखा उकळतो. विसरलात, तर बर्नर बंद करून गार होईपर्यंत स्वस्थ उभे राहावे. तापल्या द्रवात तुकडे पडले, तर तो क्षणार्धात उसळून बाहेर येतो.

पालकभेटीच्या दिवशी आपली कन्या तुकडे टाकायला विसरली, हे निर्विवाद. तिचे तिलाच ते उमगले. तिने बर्नर विझवला, बूच काढले आणि हात बांधून उभी राहिली. एवढ्या वर्षांच्या अध्यापनात चूक इतकी देखणी निस्तरलेली मी पाहिलेली नाही. तेवढ्यात आपण शेजारी प्रकट झालात. नुसती खांबासारखी काय उभी, आम्हीही शास्त्र शिकलो आहोत, वगैरे. ती म्हणाली, “बाबा, थांबा. गार होऊ द्या आधी.”

यापुढचे वाक्य लिहायला लेखनिकेने नकार दिला आहे. “काका, बाबांबद्दल हे मी नाही लिहिणार,” म्हणते, आणि खाली मान घालून बसली आहे. तेव्हा डाव्या हाताने मीच लिहितो.

तुकडे तू टाकलेस.

डाव्या हाताला अलंकार जमत नाहीत, दादा. मी तिला मागे खेचलं म्हणून माझा हात भाजला. नाहीतर तिचं तोंड भाजलं असतं. बर्नर तिने आधीच विझवला होता, म्हणून आग लागली नाही. आणि घरी जाऊन तू तिच्याच नावावर खापर फोडलंस. ती गप्प राहिली. तू गप्प राहू दिलंस.

गुरुवारी तिचं प्रात्यक्षिक आहे. त्याआधी वहिनींना खरं सांग, मग तू स्वतः तिला प्रयोगशाळेच्या दारापर्यंत सोडायला ये. नाही सांगितलंस, तर मी येऊन सांगेन, तिच्यादेखत.

अजून तरी तुझा,
धाकटा भाऊ