हात न लावलेला फोटो

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा फोटो मिळाला. आधी वाटलं, पाकिटात चुकून भाचीचाच आला. मग भुवईवरचा तीळ दिसला तेव्हा खात्री पटली. अगं, काय चेहरा झालाय! लेझरला जाताना केवढं रडगाणं गायलं होतंस, आणि आता बघ. डोळ्यांखालच्या पिशव्या गायब, कपाळ इस्त्री केल्यासारखं. पन्नाशीची भेट म्हणून मी हट्टाने तुला त्या दवाखान्यात धाडलं, ते सार्थकी लागलं. भावोजींना म्हणावं, आता बाहेर पडताना बायकोचा हात धरून चाला.

आता माझं ऐक. आमच्या हॉटेलात रिसेप्शनच्या मुख्य बाई निवृत्त होतायत आणि त्या जागेसाठी मार्चमध्ये मुलाखती आहेत. मॅनेजर म्हणाले की काम तुमचंच उत्तम, पण पाहुण्यांसमोर चेहरा ताजा हवा. बाकीच्या उमेदवार पोरी माझ्या लेकीच्या वयाच्या. उभं राहून राहून पाय झिजले माझे, आणि हे गाल मोजणार!

म्हणून मीही त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. दोन वाटा आहेत म्हणे. एक म्हणजे सौम्य पील. औषध लावून वरची कातडी हळूहळू सोलायची, थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा. फरक दिसायला बरेच महिने लागतात. दुसरं जोरदार लेझर. फरक लवकर, पण सावळ्या कातडीवर डाग उठू शकतात. बाईंचा कल पीलकडे आहे. पण मुलाखत काय माझ्यासाठी थांबणार आहे? आई म्हणायची ना, तुम्ही दोघी एकाच कापडातून बेतलेल्या. मग तुला जे मानवलं ते मला का मानवणार नाही? लेझरच करू ना? लवकर सांग.

लोभ आहेच, त्यात ओरडा कमी आणि उत्तर लवकर असावं.

तुझी,
ठकू

---

१२ जानेवारी

चि. सौ. ठकूस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला कारण स्टुडिओत शाळेच्या ओळखपत्रांचं काम आलंय. मालक नुसते बटण दाबतात. नाकं पुसायची मी, भांग पाडायचे मी आणि मागाहून कॉम्प्युटरवर बसून फोड-पुटकुळ्या काढायच्या त्याही मीच. एका आईने तर लेकाचे पुढे आलेले दातच आत घ्यायला सांगितले. म्हटलं, बाई, ते काम दातांच्या डॉक्टरांचं.

तुझ्या प्रश्नाबद्दल सांगायचं, तर त्या फोटोचं एवढं मनावर घेऊ नकोस. खिडकीपाशी काढला होता, उजेड चांगला होता. डॉक्टरबाई शिकलेल्या आहेत, रोज शंभर चेहरे बघतात. त्या पील म्हणत असतील तर पीलच कर. माझं उदाहरण सगळीकडे देत फिरू नकोस. प्रत्येकाची प्रकृती वेगळी. भेटल्यावर सविस्तर बोलू.

तुझ्या ह्यांचा खोकला कसा आहे? सगळ्यांना आशीर्वाद, आणि माझ्यावर आहे तेवढी माया राहू दे.

तुझी,
ताई

---

१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उजेड चांगला होता म्हणे! कौतुक केलं की तुझं हे असंच. लहानपणी पहिला नंबर आला तरी पेपर सोपा होता म्हणायचीस.

मी तुझा फोटो घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. शेजारी तुझा मागच्या वर्षीचा ठेवला. बाईंनी दोन्ही नीट पाहिले, सख्खी बहीण का, रंग सारखाच का, असं विचारलं. मग म्हणाल्या की बहिणीच्या कातडीने एवढं सोसलं असेल तर करून बघू. २७ तारीख मिळाली आहे. भीती वाटली की पर्समधून तुझा फोटो काढून बघते आणि जिवात जीव येतो.

आशीर्वाद नेहमीच देतेस, या वेळी दोन जास्तीचे पाठव.

तुझी,
ठकू

---

२५ जानेवारी

चि. सौ. ठकूस,
अ. उ. आ.

ठकू, मी लेझर केलेलंच नाही.

गेले होते, हे खरं. तू पाठवलंस म्हणून गेले. पण आतून एक बाई तोंड लालबुंद करून बाहेर आली आणि मी चपला घालून सरळ घरी आले. तू मला जन्मभर भित्री भागूबाई म्हणून चिडवत आलीस. पुन्हा ते ऐकायचं नव्हतं, आणि तुझी भेट वाया घालवली हे सांगायची लाजही वाटली. म्हणून स्टुडिओत स्वतःचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर टचिंगला बसले. एक पिशवी पुसली, मग दुसरी विचित्र दिसायला लागली. असं करत करत हात थांबलाच नाही. दिवसभर लोकांना फुकटचं तारुण्य वाटते, वाटलं, आज आपणही थोडं घ्यावं. हे कुणाच्या अंगाशी येईल असं मनातही आलं नाही.

तू विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. मी उजेडाच्या गोष्टी करत बसले. काल तर फोनही केला. तू उचललास, आणि मी तुझ्या ह्यांच्या खोकल्याची चौकशी करून ठेवून दिला.

हे पत्र २७ च्या आत तुझ्या हाती पडेल अशी मी मनाची समजूत घालतेय. पडणार नाही, हे मला ठाऊक आहे. कदाचित म्हणूनच लिहायचा धीर झाला. याची मला फार लाज वाटते.

काय मागू तुझ्याकडे? काही मागायला तोंडच उरलेलं नाही.

ताई

---

१८ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र लेझरनंतर आलं. दोन्ही गालांवर तपकिरी डाग उठले आहेत. डॉक्टरबाई म्हणतात की हळूहळू फिके होतील, पण सगळे जातीलच असं नाही. फोटोवर भरवसा ठेवला म्हणून त्या स्वतःलाच बोल लावत होत्या. तुझं मी त्यांना काही सांगितलेलं नाही. का, ते मलाही कळत नाही.

हॉटेलात मला मागच्या फोनच्या खोलीत बसवलंय. पाहुण्यांना माझा आवाज ऐकू येतो, मी दिसत नाही.

राग आलाय, आणि तो लपवणार नाही. डागांचा नाही एवढा. त्या दिवशी तुझा फोन आला ना, तेव्हा ठेवल्यावर मी ह्यांना म्हणाले होते की बघा, ताईला माझी काळजी लागलीय, धीर द्यायला फोन केला. खोकल्याचं निमित्त. तेवढ्या एका फोनवर मी त्या खुर्चीत जाऊन बसले.

मुलाखतीला मी जाणार आहे. मॅनेजर पुढच्या वर्षी बघू म्हणाले, मी म्हटलं याच वर्षी बघा. अर्जाला नवा फोटो लागतो. इथे गल्लोगल्ली स्टुडिओ आहेत, पण मी रविवारी तुझ्याकडे येतेय. तूच काढायचास. एकाही डागाला हात लावायचा नाही. मी तुझ्या शेजारी खुर्ची टाकून बसणार आहे, कागद मशीनमधून बाहेर पडेपर्यंत.

आणि मग तू समोर बसायचंस, मी बटण दाबीन. तो फोटो पर्समध्ये ठेवायचाय. आधीचा फाडून टाकला, जागा रिकामी आहे.

लोभ आहे, म्हणून तर येतेय. कमी झाला का, ते रविवारी बघू.

ठकू