सासूबाईंचा तांब्या

रविवार, दिवेलागण

यांची बदली होणार नाही हे काल कळलं. वाईट वाटलंच. पण आज जे कानावर आलं ते...

माझी शाळा गंगाखेडला, घर पेडगावात. यांची बदली तिकडं झाली असती तर तिथंच बिऱ्हाड केलं असतं, माझी रोजची एसटी सुटली असती. मी निघते तेव्हा लेक झोपलेली असते. आता ती आजीलाच आई म्हणायलीय.

म्हणून दर सोमवारी पहाटे महादेवाला पाणी घालते. सासूबाई सोबत असतात. स्वतःचा पितळी तांब्या त्यांनीच मला दिला. "हाच घे. देव ह्याला वळखतो. कंटाळू नको, मागत ऱ्हा. त्यो माय हाय, लेकराचं ऐकतोच." किती धीर आला होता मला!

आणि आज त्याच सासूबाई शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "पावला गं माझा महादेव! लेकाला कुटं धाडू नको म्हणून दर सोमवारी मागत व्हते."

दर सोमवारी. माझ्याच शेजारी हात जोडून! एकटं पडायची भीती असेल त्यांना, कळतं मला. पण देवा, तू तर दोघींचं ऐकत होतास ना? मग मी कोण, परकी?

आत्ताच त्यांनी तो तांब्या चिंचेनं घासून माझ्यापुढं ठेवला. "उद्या सोमवार हाय. मागत ऱ्हा."

तांब्या ओळखलास खरा. पाणी मी घातलं, पावलास मालकिणीला.

उद्या ट्रंकेतला माहेरचा तांब्या काढते. बघू आता कुणाला ओळखतोस.