गाभाऱ्याकडं तोंड केलेला स्पीकर

मंगळवार, संध्याकाळ

सोनारीच्या अलीकडच्या वस्तीवर देवळात भजनाला साउंड लावून आत्ताच आलो. नेहमीप्रमाणं एक स्पीकर बाहेर लिंबाखाली आणि दुसरा गाभाऱ्याच्या दाराशी, तोंड मंडपाकडं. तर भजनी मंडळाचे म्होरके तात्या म्हणाले, "देवाकडं पाठ करून आपुन तरी बसतो का? फिरव त्यो डबा."

फिरवला. पहिलाच अभंग उचलला, आणि दगडी गाभाऱ्यातून परतलेला आवाज माइकमध्ये शिरून अशी शिट्टी वाजली की टाळ थांबले. मग मी गुपचूप त्या स्पीकरचा आवाज पार बंद केला. त्याचा हिरवा दिवा तेवढा चालू ठेवला. दोन अभंगांच्या मधे तात्यांनी विचारलं, "देवाला जातंय न्हवं ऐकू?"

"लई स्वच्छ जातंय, तात्या."

किती पटकन बोलून गेलो. खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तो हिरवा दिवा होता ना, त्याच्या जिवावर निभावलं असं वाटलं.

नंतर वायरी गुंडाळताना तात्या जवळ आले. "म्या गाताना डब्याच्या जाळीवर हात ठिवला हुता. नुसता दिवाच हुता."

मी म्हणालो, "मग विचारलं कशाला?"

"देव डब्याबिगर साठ वर्सं ऐकतोय. तू काय सांगतो ते बघायचं हुतं."

पुढच्या मंगळवारीही बोलावलंय. एकच स्पीकर आण म्हणाले.