माझ्या नावाचं झाड

प्रिय लेम्पी,

तू घर विकून लेकीकडे, इर्याकडे स्वीडनला चालली आहेस, हे मला दूधगाडीवाल्याकडून कळलं. स्वतः सांगितलं नाहीस म्हणून राग नाही. एकाच रस्त्यावर आपली घरं, मध्ये एवढंसं जंगल, आणि तरी मी पत्र लिहितो आहे, याचं तुला हसू येईल. पण समोर बसलो की कॉफी पिण्यापलीकडे मला काही सुचत नाही, हे तू शाळेपासून बघते आहेस.

आईला मातीआड करून महिना होत आला. शेवटच्या दिवसांत तिचं बोलणं कमी झालं होतं. एका सकाळी मी लापशी भरवत होतो, तर एकदम म्हणाली, "एल्यास, तू मेलास म्हणून ते झाड मी छाटलं होतं. तू तर आलास. मग ते झाड इतकी वर्षं रिकामं राहिलं असेल का?" मी म्हटलं, "झाडाला काय कळतं, आई!" तिने चमचा बाजूला सारला. "आणि तुला फार कळतं!" त्यानंतर ती त्यावर बोलली नाही. मी मात्र तेव्हापासून तेच घोळवत बसलो आहे, आणि म्हणून तुला तौनोबद्दल जे कधी सांगितलं नाही ते सांगायला हवं.

युद्धात आमच्या तुकडीत आम्ही चौघे होतो. सार्जंट रेमेस पुढे, त्याच्यामागे पाठीवर रेडिओ घेतलेला नीलो, मग मी, आणि सगळ्यात मागे तुझा तौनो. रशियनांच्या मुलखात स्कीवर खोल शिरायचं, रेल्वेच्या कडेला बर्फात पडून राहायचं, कोणत्या गाड्या गेल्या ते पाहायचं आणि कुणाला न दिसता परत यायचं, एवढंच आमचं काम. लढायचं नव्हतं, नसल्यासारखं असायचं होतं. रेमेस म्हणायचा, "तुम्ही इथे नाहीच आहात. आणि नसलेल्या माणसाला खोकला येत नाही." त्यावर तौनो कुजबुजायचा, "मग सार्जंट, नसलेल्या माणसाला भूक कशी हो लागते?" नीलोला हसू आवरायला हातमोजा तोंडात कोंबावा लागायचा.

चौघे एकाच चाकोरीतून जायचो, म्हणजे इथून एक माणूस गेला की चार, हे बर्फालाही कळू नये. बोलायची बंदी. म्हणून शेवटच्याने अधूनमधून काठीच्या टोकाने पुढच्याच्या स्कीच्या शेपटाला दोनदा शिवायचं. त्याने आपल्या पुढच्याला, असं करत ते रेमेसपर्यंत पोचायचं. म्हणजे सगळे आहेत. तौनोचं शिवणं मला झोपेतही ओळखू आलं असतं. पहिलं जरा जोरात, दुसरं अगदी हलकं. आत बाळ झोपलंय आणि आपण दार वाजवून बसलो, हे मागाहून लक्षात आल्यासारखं. इर्या तेव्हा पाळण्यात होती ना.

परतीच्या वाटेवर एका मोठ्या गोठलेल्या दलदलीत रेमेस नकाशा पाहायला थांबला. त्याने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि विचारलं, "तौनो कुठाय?" मला थट्टाच वाटली, कारण नुकतंच तर त्याचं शिवणं मी पुढे दिलं होतं. मागे वळलो. पांढरं मैदान आणि आमची एक चाकोरी. आम्ही उलट गेलो. कुठे बाजूला स्की वळल्याची खूण नाही, रक्त नाही, पडलेला हातमोजा नाही. जिथे बसून आम्ही सुकं मांस वाटून खाल्लं होतं, त्या झाडांखाली चौघांच्या बसण्याचे खळगे तसेच होते. तिथून पुढे तो आमच्याबरोबर निघाला की नाही, ते बर्फ सांगेना. नीलो माझ्याकडे बघत म्हणाला, "मग तुला कोण शिवत होतं?" रेमेसने त्याला दटावलं, "तोंड बंद. चला."

आम्ही निघालो. थोड्या वेळाने माझ्या स्कीला मागून स्पर्श झाला. एक जोरात, एक हलका. मी काय करावं, लेम्पी? मी तो पुढे दिला. नीलोनेही दिला. रेमेसने नको म्हटलं नाही. रेडिओ बिघडला, वाट चुकवत उत्तरेकडून फार लांबचा वळसा पडला, आणि त्या सगळ्या वाटेवर ते येत राहिलं. आपल्या चौकीवर पहारेकऱ्याने विचारलं, "किती जण?" रेमेसने आधी माझ्याकडे पाहिलं, मग "तीन" म्हणाला.

तोवर इथे आम्ही बेपत्ता असल्याची खबर पोचली होती. आई आणि शेजारच्या आतूने मेलेल्यासाठीच्या रीतीप्रमाणे तळ्याच्या टोकाचा पाइन छाटला, खोडावर माझी अक्षरं कोरली. मग ती दोघं तौनोसाठी झाड छाटायला कुऱ्हाड घेऊन तुझ्या दारी आली आणि तू म्हणालीस, "नवरा माझा आहे. तुम्हाला झाडं छाटायची हौस असेल तर सरकारी जंगलात जा!" आतू अजून ते सांगून हसतो.

रजेवर आलो तेव्हा चर्चच्या गावापासून मी एकटाच स्कीवर निघालो. दुपारचा करडा उजेड होता. शिवणं चालूच होतं. तळं ओलांडलं आणि समोर तो उघडाबोडका पाइन, त्यावर माझं नाव आणि मरणाचं साल. मी हातमोजा काढून स्वतःच्या गालाला हात लावून पाहिला. ऊब होती. मग स्तोत्र म्हणत झाडावरून पुढे गेलो. तिथपासून मागे काही नाही. एकही स्पर्श नाही. घराच्या अंगणात गुडघे टेकून मी देवाचे आभार मानले.

पण दर हिवाळ्यात चर्चहून परतताना तळ्यावर ते पुन्हा येतं, आणि झाडापाशी थांबतं. डॉक्टर म्हणाले, नसा दुखावल्यात. मीही तेच धरून चाललो. गावाने आपलं लग्न किती वेळा लावून दिलं, तुला माहीतच आहे. मी कधी विचारलं नाही. मागे कुणी उभं असताना तसं कसं विचारायचं?

आईच्या त्या प्रश्नाने मला उलगडलं. मेलेला माणूस घराच्या वाटेने येतो, झाडावरचं नाव वाचतो, आपण मेलोय हे त्याला समजतं आणि तो मागे फिरतो, म्हणून तर झाड छाटायचं. नाव माझं होतं, पण मी जिवंत होतो, मी पुढे गेलो. माझ्यामागे जो होता तो थांबला. त्याचं घर तर पुढे आहे, लेम्पी. तुझं घर. पाद्रीसाहेबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, मेलेली माणसं देवाच्या हाती विसावलेली असतात. दर रविवारी मीही तेच म्हणतो आणि मनापासून म्हणतो. तरी वाटतं, आपल्यामुळे अडलेल्या माणसाला वाट करून दिली तर देव रागावणार नाही.

काल सकाळी मी तो पाइन पाडला. आतू काठी टेकत आला आणि ओरडला, "गाढवा, स्वतःचं झाड पाडतोस? उद्या मेलास की तुला कोण अडवणार?" मी म्हटलं, "मला कुणाच्या दारी जायचंय, आतू?" तो शेंड्याकडच्या फांद्या ओढायला लागला.

तू जायच्या आधी हे व्हायला हवं होतं, म्हणून हे पत्र. येत्या रविवारी चर्च सुटल्यावर, उजेड असतानाच, मी तळ्यावरून निघेन. माझ्या घरापाशी थांबणार नाही. चाकोरी पाडत थेट तुझ्या पायरीपर्यंत येईन. मागे वळून पाहणार नाही, आणि कॉफीला आत बोलावू नकोस. पायरीपासून वळसा घेऊन जंगलातून मी एकटा घरी जाईन. दार उघडं ठेवायचं की कडी लावायची, ते तू ठरव, त्यात मी बोलणारा कोण? खिडकीत उभी राहिलीस तर किती जण आले ते तुला दिसेल. मला सांगू नकोस.

तुझाच, शाळेच्या बाकापासूनचा,
एल्यास