मास्तरांचा विग, कासव आणि साक्षीची सही

मी, लिओनेल ऑसबर्ट थ्रेलफॉल, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बॅरिस्टरी, राहणार सर्बिटन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने आणि कोणाचीही भीडभाड न ठेवता लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल आमच्या चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामाईक कचेरीत, दोन मते आहेत, पण दुसरे मत चेंबर्सचे प्रमुख मि. डॅलरिंपल-कोल यांचे असल्याने ते विचारात घेण्याचे कारण नाही. माझ्या हृदयाबद्दल मात्र डॉक्टरांचे एकच मत आहे आणि ते चांगले नाही. सबब आजच लिहून टाकतो.

कलम १. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती सात आहेत. उभा जन्म दुसऱ्यांच्या मृत्युपत्रांवरून कोर्टात भांडण्यात गेला, त्यामुळे कोणाशी बिनसले की स्वतःचे नवे मृत्युपत्र करायची मला खोड लागली. हे आठवे शेवटचे धरावे.

कलम २. सर्बिटनचे घर, आतले सामान आणि बँकेतली शिल्लक माझी भाची विनिफ्रेड हिला द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी, कारण आमच्या घराण्यात वेळेवर पत्राला उत्तर देणारी ती एकटीच आहे. अट एकच. माझ्या अंत्यविधीनंतर जमलेल्या मंडळींना थंड मटण वाढू नये. बॅरिस्टर व्हायचे तर इनच्या, म्हणजे आमच्या बॅरिस्टरांच्या संस्थेच्या, भोजनगृहात ठरलेली जेवणे जेवावीच लागतात, नाहीतर सनद मिळत नाही. ती सगळी जेवणे मी युद्धानंतरच्या रेशनच्या दिवसांत पार पाडली. कायद्याच्या परीक्षेत मला एकदाही घाम फुटला नाही, मटणापुढे मात्र दर वेळी फुटला.

कलम ३. चेंबर्सच्या जिन्याखाली उभी असलेली, बांबूच्या मुठीची काळी छत्री मि. डॅलरिंपल-कोल यांना द्यावी. ती त्यांचीच आहे. १९७४ साली मी ती चुकून नेली आणि नंतर मुद्दाम ठेवली. त्याच वर्षी त्यांनी ज्येष्ठतेच्या नावाखाली माझी उन्हाची खिडकी घेतली होती. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी हेडक्लार्क पडिफूट यांच्यामार्फतच बोलतो, दोघेही एका खोलीत असलो तरी.

कलम ४. माझ्या खोलीच्या कोपऱ्यातले लहान टेबल चेंबर्सला. या टेबलावर बसून माझ्या हाताखाली नऊ जणांनी उमेदवारी केली. त्यातला एक न्यायाधीश झाला आणि एक मेंढ्या पाळतो, आणि दोघांपैकी मेंढ्यावाल्याचे मसुदे जास्त स्वच्छ असत. टेबलाचा एक पाय तोकडा असून त्याखाली १८९१ सालच्या निकालांचा एक खंड सरकवलेला आहे. पाय दुरुस्त करू नये. शिकाऊ माणसाला वर्षभर टेबल डुगडुगते आहे याची जाणीव राहिलेली बरी.

कलम ५. हे देणे नाही, सूचना आहे. पण जिवंतपणी माझी सूचना कोणी ऐकली नाही म्हणून इथे घालतो. नवा उमेदवार निवडताना शाळा कोणती, काका कोण, क्रिकेट खेळतोस का, हे विचारणे बंद करावे. एखादा वाईट मसुदा त्याच्या हातात द्यावा आणि आपण खोलीबाहेर जावे. गेल्या वर्षी मिस नेरिस प्रॉबर्ट मुलाखतीला आली तेव्हा मि. डॅलरिंपल-कोल यांनी तिला, वडील कोणत्या क्लबचे सभासद आहेत, असे विचारले. खाणकामगारांच्या, असे तिने सांगितले, आणि तिथे ते चिटणीस आहेत, असेही. त्यांनी कागदावर "क्लब : आहे" असे लिहिले. मुलगी वेल्सच्या खाणीच्या गावची आहे हे त्यांच्या ध्यानात आले तेव्हा ती कोपऱ्यातल्या टेबलावर बसून तीन आठवडे झाले होते.

तिचे वर्ष आता संपते आहे. चेंबर्समध्ये कायमची जागा एकच आहे आणि उमेदवार दोन. एक मिस प्रॉबर्ट, दुसरा मि. डॅलरिंपल-कोल यांचा मानसपुत्र टोबी. मतदान परवा, गुरुवारी, चहाच्या वेळी. आठ मते चार-चार अशी फुटलेली आहेत हे पडिफूट मला सकाळीच सांगून गेले. नववे माझे. मत ही मिळकत नव्हे, मृत्युपत्राने ते कोणाला देता येत नाही. त्यामुळे गुरुवारपर्यंत जगण्याचा माझा पक्का विचार आहे.

कलम ६. माझा विग, काळ्या पत्र्याच्या डब्यासह. याची हकिगत लिहिणे भाग आहे.

हा विग माझे उमेदवारीचे मास्तर कथबर्ट ऑर्मरॉड यांचा. सुंभासारखा पिवळा पडलेला, कानाजवळ झिजलेला. आमच्या धंद्यात नवा पांढरा विग घालून कोर्टात उभे राहिले की न्यायाधीश घड्याळाकडे बघतात आणि पिवळा असला की पुढे सरकून बसतात. मी १९५० साली ऑर्मरॉडांकडे वर्ष काढले. वर्षभरात त्यांनी माझ्याशी जे बोलणे केले ते बहुतेक सगळे "पुन्हा लिहा" एवढेच होते. वर्षाच्या शेवटी एका दुपारी त्यांनी एक कागद पुढे केला, वरचा भाग टीपकागदाने झाकलेला. म्हणाले, "थ्रेलफॉल, माझ्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करा." मी केली.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले आणि मृत्युपत्र उघडले. त्यात त्यांनी त्यांचा विग मला ठेवला होता. आता, ज्याला मृत्युपत्रात काही ठेवले आहे त्यानेच त्यावर साक्ष घातली, तर मृत्युपत्र टिकते पण त्याचे देणे बुडते. हे १८३७ पासून कायद्यात आहे आणि ऑर्मरॉडांनीच मला ते तीनदा लिहायला लावले होते. विग त्यांच्या पुतण्याकडे गेला. त्याने तो गावच्या जत्रेत नाताळबाबाच्या दाढीसाठी वापरायला दिला. अठरा वर्षांनी मी तो त्याच गावच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीतून, लोकरी मोज्यांच्या ढिगाखालून सोडवून आणला.

मृत्युपत्रांच्या कायद्यात ऑर्मरॉडांच्या तोडीचा माणूस लंडनमध्ये नव्हता. ते विसरले असतील हे शक्य नाही. त्यांनी माझी परीक्षा घेतली. सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारायचा होता, आणि तो मी विचारला नाही. लोकांना मी पुढे सांगत असे की भिडेपोटी विचारले नाही. खरे कारण ते नाही. या माणसाने माझ्यासाठी काही ठेवले असेल असे माझ्या मनातच आले नाही. याचे मला अजून वाईट वाटते.

तर हा विग मिस नेरिस प्रॉबर्ट हिला द्यावा.

कलम ७. ऑर्मरॉडांचा पुतण्या विग घेऊन गेला तेव्हा त्यांचे कासव माझ्या दाराशी सोडून गेला. त्याचे नाव "अपील", कारण ते एका माणसाच्या आयुष्यात संपत नाही, असे ऑर्मरॉड म्हणत. ते अजून चेंबर्सच्या मागच्या अंगणात आहे. बुटांच्या नाड्या खाते, काकडीशिवाय भाजी घेत नाही, आणि थंडीत त्याला पेंढ्याच्या खोक्यात झोपवून दर पंधरवड्याला वजन करावे लागते. हे कासव मी विश्वासू मित्र सिडनी पडिफूट यांना, त्यांच्या अठ्ठावीस वर्षांच्या सेवेची कृतज्ञता म्हणून, देतो. त्यांना किती आनंद होईल ते मी जाणतो.

कलम ८. वरील वाटण्यांतून जे काही उरेल, किंवा ज्याचे देणे बुडेल, ते सर्व मि. डॅलरिंपल-कोल यांना. कायद्याला उरल्यासुरल्यासाठी एक नाव लागते म्हणून हे नाव घातले आहे. काहीही उरणार नाही याची मी चोख व्यवस्था केली आहे.

कलम ९. इथपर्यंत सकाळी लिहिले. पुढचे दुपारी चार वाजता लिहीत आहे.

काल मी टोबीला बोलावून एका कच्च्या मसुद्यावर साक्षीची सही मागितली होती. त्यात त्याच्या नावे पोर्ट वाइनची एक पेटी घातली होती. त्याच्यावर मेहरबानी म्हणून नव्हे, दोघांची एकच परीक्षा घ्यावी म्हणून. त्याने क्रिकेटच्या गप्पा मारत, झोकदार सही केली, आणि तीही माझ्या सहीच्या जागेवर. पेटी माझ्याकडेच राहिली.

आज मिस प्रॉबर्टला बोलावले. कागदावर टीपकागद ठेवला, पेन पुढे केले आणि ऑर्मरॉडांचेच शब्द उच्चारले. तिने पेन घेतले. माझे डॉक्टरांनी नावाजलेले हृदय चांगलेच धडधडायला लागले. तिने पेन परत ठेवले. तिचे कान लाल झाले होते.

"सर, विचारणं बरं दिसत नाही, पण यात माझ्यासाठी काही आहे का? असेल तर मला सही करता येणार नाही."

"मी तुझ्यासाठी काही ठेवीन असं तुला वाटलं?"

"नाही वाटलं, सर. पण नुसतं आपल्याला वाटतंय म्हणून सही करायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

मी टीपकागद काढला आणि सगळे वाचायला दिले. कलम सहाशी ती फार वेळ थांबली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, म्हणजे माझ्या आताच्या खिडकीतून जी भिंत दिसते तिच्याकडे. मग ती पुढे वाचत गेली आणि कलम आठवर बोट ठेवून म्हणाली, "सर, साक्षीला पडिफूटसाहेबांना बोलावणार असाल तर एक अडचण आहे. त्यांनी सही केली की कासवाचं देणं बुडतं, आणि बुडालेलं सगळं मि. डॅलरिंपल-कोल यांच्याकडे जातं."

पंचेचाळीस वर्षे मी दुसऱ्यांच्या मृत्युपत्रांतली भोके शोधली आणि हे माझ्या स्वतःच्या मृत्युपत्रातले माझ्या नजरेतून सुटले होते. मी कबूल केले. ती म्हणाली, दुसरा साक्षीदार शोधून आणते. पण पडिफूट दारात उभे होते. ते दारात किती वेळ उभे असतात हे चेंबर्समध्ये कोणालाच कधी कळलेले नाही.

"कशाला उगाच बाहेरचा माणूस शोधता, साहेब," ते म्हणाले. "मी आहे ना. अठ्ठावीस वर्षं सांगाल तिथं सही केलीय. द्या इकडं ते पेन."

"पडिफूट, कलम सात तुम्ही वाचलंय?"

"साहेब, त्या जनावरानं माझ्या चार जोड्यांच्या नाड्या खाल्ल्यात. तोंडपाठ आहे मला."

मी विचार केला. मि. डॅलरिंपल-कोल यांनी घेतलेली उन्हाची खिडकी अंगणाच्या बाजूलाच आहे. खोके ठेवायला तिच्याखाली जागाही उत्तम आहे. कलमात मी काहीही बदल केलेला नाही.

दुसऱ्या साक्षीदारासाठी मिस प्रॉबर्ट फाटकावरच्या दरवानाला घेऊन येत आहे. दरम्यान माझे गुरुवारचे मत मी लेखी, सहीनिशी, बंद पाकिटात पडिफूट यांच्या हवाली केले आहे. चेंबर्सच्या नियमांत ते बसते. जगण्याचा विचार अजून पक्का आहे, पण विचारावर सही करायची नाही. मिस प्रॉबर्टला एवढेच सांगावे की विग धुऊ नये. आणि हेही सांगावे की ऑर्मरॉडांना ती आवडली असती. मला तर आवडतेच, आणि हे मी वर्षभरात तिला एकदाही सांगितले नाही. "पुन्हा लिहा" एवढेच सांगितले.

हे मृत्युपत्र मी वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही करून पुरे केले आणि त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत आपापल्या सह्या केल्या. मिस प्रॉबर्ट कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून होती. तिने कशालाही हात लावला नाही.

ठिकाण : लिंकन्स इन, लंडन
मंगळवार, ८ जुलै १९९७

(सही) लिओनेल ऑसबर्ट थ्रेलफॉल

साक्षीदार :

१. (सही) सिडनी पडिफूट, हेडक्लार्क. कलम सात वाचून, समजून, आनंदाने.

२. (सही) आल्बर्ट टिंकनेल, दरवान. सही करण्याआधी मिस प्रॉबर्ट यांनी मला विचारायला लावले, म्हणून विचारले. यात मला काही ठेवलेले नाही. थोडे वाईट वाटले.